दादामियाँचं कल्चर

मुरुम गावच्या डेअरीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहसा तीनच गोष्टी यायच्या: टँकर कुठं अडकलाय, लाइट कधी येणार, आणि कल्याणप्पांनी रोज सकाळी न चुकता पाठवलेलं गुलाबाचं फूल. त्यामुळं मॅनेजर श्रेयस सरांचा मेसेज आला तेव्हा तो सगळ्यांनी वाचला, आणि सगळ्यांनी एकसारखा चुकीचा वाचला. एका ऑफिसनं इतक्या एकदिलानं काहीतरी करावं हेच खरं तर त्या मेसेजचं उद्दिष्ट होतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मेसेज असा होता: "हेड ऑफिसच्या सूचनेनुसार आपल्या युनिटमधलं जुनं कल्चर या महिन्यात पूर्णपणे काढून टाकायचं आहे. त्या जागी नवीन, स्ट्राँग आणि हेल्दी कल्चर तयार करायचं आहे. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी ट्रेनर मॅडम येतील. सर्वांचं सहकार्य अपेक्षित."

लिहिणाऱ्याच्या मनात माणसं होती. मीटिंगला वेळेवर कसं यावं, साहेबाला न घाबरता मत कसं सांगावं, एकमेकांचं कौतुक कसं करावं, अशा गोष्टींना पुण्याच्या हेड ऑफिसात कल्चर म्हणतात. मुरुमच्या डेअरीत कल्चर म्हणजे विरजण. घरातला पप्पू शाळेच्या हजेरीत प्रशांत होतो, तसं घरातलं विरजण डेअरीच्या गेटातून आत आलं की कल्चर होतं. दही लावायच्या खोलीच्या दारावर निळ्या रंगात 'कल्चर रूम' असं लिहिलेलं होतं, आणि त्या खोलीत, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, दादामियाँचं कल्चर होतं.

दादामियाँ म्हणजे यास्मिनचे अब्बा. दह्याचं खातं नोकरीभर त्यांच्याकडं. आजच्या दह्यातलं थोडं बाजूला काढायचं, ते उद्याच्या दुधाला लावायचं, उद्याच्यातलं परवाला. ही साखळी त्यांनी कधी तुटू दिली नव्हती. मध्यंतरी डेअरी पुण्याच्या कंपनीनं घेतली आणि वरून कल्चरची पाकिटं यायला लागली. दादामियाँनी ती अदबीनं उतरवून घेतली, डीप फ्रीजमध्ये ओळीनं मांडली आणि म्हणाले, "मेहमान हैं. आराम करने दो." पाकिटं आराम करत राहिली. कागदावर दही पाकिटाचं होतं, पातेल्यात दादामियाँचं. हे डेअरीत सगळ्यांना ठाऊक होतं. मॅनेजर बदलत गेले, त्यांना सांगायचं राहून जात होतं.

गेल्या रमजानच्या तोंडावर दादामियाँ गेले. यास्मिन डेअरीच्याच ऑफिसात दूध संकलनाचं काम बघायची. चाळिसावा झाल्यावर ती कामावर आली, पर्स टेबलावर ठेवली आणि कुणाला न विचारता कल्चर रूममध्ये जाऊन डब्याचं झाकण उघडून बघितलं. तेव्हापासून डबा तिच्याकडं. डेअरीतल्या माणसांनी सांत्वनाचे शब्द फारसे खर्च केले नाहीत. डब्याजवळची जागा तेवढी मोकळी करून दिली. घरात अब्बांच्या वस्तू होत्या, पण त्या वस्तूच राहिल्या होत्या. चष्मा चष्मा होता, काठी काठी होती. डबा मात्र रोज सकाळी काहीतरी करून ठेवायचा.

आणि आता हा मेसेज.

दूध तापवायचं यंत्र सांभाळणारे कल्याणप्पा, डेअरीतले सगळ्यात जुने, मोबाइल पुढं धरून यास्मिनच्या टेबलाशी आले.

"पोरी, कळलं बघ त्यांना."

"काय कळलं, अप्पा?"

"मियाँच्या डब्याचं. जुनं काढा म्हणतेत. पूर्णपणे म्हणतेत."

यास्मिननं मेसेज पुन्हा वाचला. ती वाचणारी बाई होती. वाचनालयातल्या कादंबऱ्या संपल्यावर तिनं चरित्रं संपवली होती, आणि एका पावसाळ्यात दुसरं काही हाती लागेना म्हणून भूगर्भशास्त्रही. एवढं वाचलेल्या माणसानं चार ओळी तरी नीट वाचाव्यात, ही अपेक्षा गैर नाही. पण माणूस ज्या शब्दाला भिऊन बसलेला असतो, तोच शब्द त्याला पानभर दिसतो. तिला 'काढून टाकायचं' एवढंच दिसलं.

"मी बोलते सरांशी," ती म्हणाली.

श्रेयस सर तिशीच्या अलीकडचे. मुरुमला आल्यापासून त्यांना मोबाइलची रेंज सापडली नव्हती, आणि मनासारखी कॉफीही. माणूस वाईट नव्हता. खुर्चीमागच्या फळ्यावर त्यांनी एकात एक अडकलेली वर्तुळं काढली होती. त्यांचा अर्थ कुणी विचारत नसे, कारण विचारला असता तर त्यांनी सांगितला असता.

"सर, ते जुनं कल्चर. सगळंच काढायचं?"

श्रेयस सरांना भरून आलं. मेसेज टाकल्यावर कुणीतरी आपणहून चर्चेला आल्याची ही पहिलीच वेळ होती. "बसा ना, मॅडम. हो, सगळंच. थोडं जरी मागं ठेवलं ना, की ते परत सगळीकडं पसरतं."

"तो त्याचा गुण आहे, सर."

"तुम्हाला गुण वाटतो. बाहेरून बघणाऱ्याला कळतं की सगळं आंबलंय."

यास्मिनचा चेहरा उतरला. अब्बांच्या दह्याला आजवर कुणी काही म्हणालं होतं, तर घट्ट आहे, कापून द्यावं लागतं, असं. "आंबलंय असं कोण म्हणालं?"

"हेड ऑफिसचं निरीक्षण आहे. वरून दिलेलं काहीच इथं रुजत नाही."

"वरून पाकिटं येतात, सर. त्यात जीव नसतो."

"पॅकेजचा विषय वेगळा, तो आपण इन्क्रिमेंटच्या वेळी बोलू," श्रेयस सर घाईनं म्हणाले. "पण कल्चर वरूनच यावं लागतं. ते खालून तयार होत नाही."

"आमचं खालूनच लागत येतं. तळाशी आधी घट्ट होतं."

हे वाक्य श्रेयस सरांना फार आवडलं. त्यांनी ते फळ्यावर लिहून ठेवलं. मग हळू आवाजात विचारलं, "हे जुनं कल्चर सुरू कुणी केलं, काही कल्पना?"

"माझ्या वडिलांनी."

सरांनी भिंतीकडं पाहिलं. दादामियाँना त्यांनी पाहिलं नव्हतं, पण भिंतीवरच्या ग्रुप फोटोत एक गृहस्थ सगळ्यांच्या मध्ये, साहेबांच्या खुर्चीत, साहेबांना बाजूला उभं करून बसलेले त्यांनी पाहिले होते. बरंच काही त्यांच्या डोक्यात जुळलं, आणि सगळंच चुकीचं जुळलं. "तुम्हाला सोडायला जड जाईल, मॅडम. मला समजतं. म्हणूनच ते तुमच्या हातून व्हावं. तुम्ही पुढाकार घ्या."

यास्मिन उठून बाहेर आली. ती जागेवर पोचायच्या आत ग्रुपवर दुसरा मेसेज येऊन पडला होता: "अभिनंदन. यास्मिन मॅडम आपल्या युनिटच्या कल्चर चॅम्पियन आहेत. जुनं कल्चर संपवण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःहून घेतली आहे." खाली टाळ्या वाजवणारे हात, आणि त्याच्याखाली कल्याणप्पांचं गुलाब. ते त्यांनी सवयीनं पाठवलं होतं. नंतर त्याबद्दल त्यांनी फार मनापासून माफी मागितली.

बाई कमी बोलणारी असली की तिला अपमान कमी होतो, असा एक गैरसमज आहे. यास्मिननं त्या दिवशी सगळं काम नेहमीसारखं केलं. फक्त घरी जाताना डबा पिशवीत घातला.

शेजारच्या बिस्मिल्लाबी ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मेरे फ्रीज में रख दे, बेटी. मेरे फ्रीज में मेरी बहू भी हात नै डालती."

"फ्रीजमधून काय होतंय, खाला? ते रोज लावावं लागतं. सकाळी डबा परत न्यावाच लागेल."

"मग दावा लावा," पलीकडच्या घरातून गोपाळकृष्णकाका बोलले. काका तुळजापूरचे, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. मुरुमला मुलाकडं राहायला आल्यापासून त्यांच्या ज्ञानाला गिऱ्हाईक नव्हतं. ते खुर्ची घेऊनच बाहेर आले. "दादामियाँ गेले. त्यांची मालमत्ता वारसाला. यास्मिन वारस. वारस दाखला काढायचा आणि कंपनीच्या तोंडावर मारायचा. प्रश्न एकच, विरजण कोणत्या प्रकारात बसतं."

"दही में बैठता, और कहाँ," बिस्मिल्लाबी म्हणाल्या.

"मालमत्तेच्या प्रकारात म्हणतोय मी. जंगम आहे, हे उघड. पण जंगम असून स्वतःहून वाढतं. म्हणजे खुर्ची-टेबलात येत नाही. ते पशुधनात येईल. शेळीसारखं."

"काका, जनावराच्या कानाला बिल्ला मारावा लागतो आता," यास्मिन म्हणाली.

"दही के कान कहाँ से लाएगी बेचारी," बिस्मिल्लाबींनी लसणाची पाकळी बाजूला टाकली.

यास्मिननं काकांचं ऐकायला नको होतं. पण दुःखात असलेल्या माणसाला कुणीतरी ठामपणे काहीतरी सांगतंय, याचाच आधार वाटतो. ती सेवा केंद्रात गेली. तिथल्या माणसानं कॉम्प्युटरमध्ये विरजण शोधलं, सापडलं नाही, म्हणून 'इतर स्थावर' असं निवडलं. दोन दिवसांत मोबाइलवर त्रुटी आली: मालमत्तेची चतुःसीमा नमूद करावी. काकांना तर हुरूपच आला. त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं: पूर्वेस भिंत, पश्चिमेस डीप फ्रीज, दक्षिणेस हात धुण्याचं बेसिन, उत्तरेस येण्याजाण्याचा रस्ता. अर्ज पुढं सरकला आणि स्थळपाहणीसाठी तलाठी कार्यालयाकडं गेला. तो अजून तिथंच आहे, आणि तो तिथंच असू दे, अशी यास्मिनची इच्छा आहे.

कायद्याचा रस्ता असा थंडावल्यावर कल्याणप्पांनी दुसरा सुचवला. डेअरीतला डबा ओतायला लावलाच, तर बाहेर चार घरी तेच विरजण चालू असलं पाहिजे. थोडं आपल्याकडं, थोडं पाउच भरणाऱ्या शामलाताईंकडं, थोडं टँकरवाल्या कोंडीरामकडं. योजना साधी होती. अडचण शामलाताईंनी काढली.

"ताई, कामाची पाळी सुटस्तोवर दिवे लागतेत. दिवे लागल्यावर विरजण देत न्हाईत. देणाऱ्याच्या घरची लक्ष्मी जाती."

"घर कुणाचं, माझं का कंपनीचं?"

"ते मला न्हाय म्हाईत. पर माझी सासू दारातनं आत घ्यायची न्हाय."

"मग दुपारी न्या."

"दुपारी सर टीव्हीपुढं बसत्यात." टीव्ही म्हणजे सीसीटीव्ही. संध्याकाळी सर फिरायला जायचे, तेवढाच वेळ मोकळा होता, आणि नेमक्या त्याच वेळेवर शामलाताईंच्या सासूबाईंची हरकत होती.

तोडगा पुन्हा कल्याणप्पांचाच. "द्यायचं न्हाय असं हाय ना? चोरायचं न्हाय असं कुठं हाय?"

आणि म्हणून त्या संध्याकाळी डेअरीत असं घडलं: यास्मिननं डब्याचं झाकण काढून ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. भिंतीवर हात कसे धुवावेत याचा तक्ता होता. तो तिनं नखांपासून मनगटापर्यंत वाचला. तिच्या पाठीमागं एकेकजण आला, वाटीभर विरजण चोरलं आणि गेला. देणारीनं काही दिलं नाही, लक्ष्मी जागच्या जागी राहिली. कोंडीराम तेवढा जाताना सवयीनं म्हणाला, "येतो, आपा." त्याला चोरीचा अनुभव नव्हता.

पुढचा भाग मात्र योजनेत नव्हता. दुसऱ्या दिवशी कल्याणप्पा मान खाली घालून आले.

"पोरी, घात झाला. सुनेनं कढी केली."

"कशाची?"

"मियाँची. आन मला म्हाईत न्हाय तर मी दोन वाट्या मागून घेतली." मग ते खरं तेही बोलले. "लई झ्याक झाली होती."

कोंडीराम अणदूरचा. त्यानं वाटी टँकरच्या केबिनमध्ये गिअरजवळ ठेवली होती. रस्त्याचं काम चालू होतं. "निघालो तवा दही होतं, आपा. घरी गेलो तर ताक. वर लोणीबी आलं होतं." लोण्याचं काय झालं, हे त्याला कुणी विचारलं नाही, त्याची मिशी बघून कळत होतं.

शामलाताईंची वाटी तेवढी सुखरूप पोचली. सासूबाईंनी दही लावलं, ते असं लागलं की शेजारीण विरजण मागायला आली. सासूबाईंनी भर उन्हात, नियमानं दिलं. तिच्याकडून तिच्या जावेला गेलं, जावेकडून मशिदीमागच्या गल्लीत. आठवडा संपायच्या आत अब्बांचं विरजण अशा अशा घरांत पोचलं, ज्यांच्याशी अब्बांचं जमिनीच्या बांधावरून बोलणं बंद होतं. यास्मिनला त्याची गंमत वाटली, आणि बऱ्याच दिवसांनी गंमत वाटली म्हणून जरा अवघडल्यासारखंही झालं.

शुक्रवार आला. पाउच भरायच्या खोलीत क्रेट उलटे टाकून बसायची सोय केली होती. ट्रेनर मॅडमचं नाव देवश्री. हसऱ्या होत्या, आणि रंगीत पेनांचा मोठा संच घेऊन आल्या होत्या.

"मला एकेका शब्दात सांगा," त्या म्हणाल्या, "तुमच्या इथलं कल्चर कसं आहे? मनात येईल ते. घाबरायचं नाही."

ओतायला आलेली बाई आधी चौकशी करते, म्हणजे माणुसकी आहे, असं कल्याणप्पांना वाटलं असावं. ते उठून उभे राहिले. "घट्ट."

"वा," देवश्री मॅडमनी हिरव्या पेनानं लिहिलं. "म्हणजे सगळ्यांना धरून ठेवणारं."

"चमचा उभा ऱ्हातो."

मॅडमनी तेही लिहिलं. गावाकडची माणसं किती सुंदर उपमा देतात, असं त्या श्रेयस सरांच्या कानात म्हणाल्या.

"थंडीत जरा येळ लागतो," शामलाताई म्हणाल्या. "घोंगडं घालून ठेवावं लागतं."

"ऊब," मॅडमनी लिहिलं.

"हलवलं की बिघडतं," कोंडीराम खिन्नपणे म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढं रस्ता होता.

मॅडम थांबल्या. लाल पेन काढून त्यांनी लिहिलं, 'बदलाला विरोध', आणि श्रेयस सरांकडं अर्थपूर्ण पाहिलं. मग त्या वळल्या. "आणि आपल्या चॅम्पियन? यास्मिन मॅडम?"

यास्मिन उठली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती, आणि तिनं तो चढवला नाही. "मॅडम, तुम्ही ते काढून टाकायचं ठरवून आलात. एकदा चव तरी घ्यायची होती."

"चव?"

"माझ्या हातून ते ओतलं जाणार नाही. इथल्या कुणाच्याच हातून नाही. आणि ओतून उपयोगही नाही. ते आता मुरुमच्या गल्लीगल्लीत आहे."

देवश्री मॅडमनी आधी हिरवं पेन उचललं, मग लाल. श्रेयस सर मात्र ताडकन उठले. "मला याबद्दलच विचारायचं होतं," ते म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप सगळ्यांकडं फिरवला. पडद्यावर यास्मिन भिंतीकडं तोंड करून उभी होती. मागं शामलाताई पदराखाली वाटी लपवत होत्या. मग कल्याणप्पा. मग कोंडीराम, ज्यानं कॅमेऱ्याकडं बघून केस नीट केले होते.

"मला कुणावर आरोप करायचा नाही," श्रेयस सरांचा आवाज खरंच दुखावलेला होता. "मी फक्त विचारतोय. डेअरीतून काय चोरून नेताय?"

"कल्चर, सर," शामलाताई म्हणाल्या.

"तुम्ही चेष्टा करताय माझी."

"न्हाय, सर. वाटीभरच."

श्रेयस सर पडद्याकडं बघत राहिले. मग फ्लिपचार्टकडं. घट्ट. चमचा उभा राहतो. घोंगडं. ते हुशार होते; फक्त पुण्याचे होते. ते हळूहळू क्रेटवर बसले. "दह्याचं?"

"मग आनि कशाचं असतंय?" कल्याणप्पांनी विचारलं.

कोपऱ्यातलं पाउच सील करायचं यंत्र मधेच एकदा वाजलं. कोंडीरामला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात नेलं. शामलाताईंनी पदर तोंडाला लावला. देवश्री मॅडमनी पेनांची टोपणं एकेक करून लावायला घेतली.

यास्मिनला हसू आलं नाही. तिला एकदम लख्ख दिसलं: डबा कुणाच्या गावीही नव्हता. मेसेज माणसांबद्दल होता. तिनं तोंड मिटून ठेवलं असतं, तर दही लागत राहिलं असतं आणि पाकिटं आराम करत राहिली असती. अब्बांच्या डब्याकडं बोट दाखवलं ते तिनंच.

आणि श्रेयस सर हसत नव्हते. "म्हणजे आपण रोज जे दही विकतो ते त्या डब्यातल्या विरजणाचं? आणि हेड ऑफिसची पाकिटं?"

"आराम करतेत," कल्याणप्पा म्हणाले.

सरांनी कपाळ पुसलं. शेजारी हेड ऑफिसच्या मॅडम बसलेल्या. आता ऐकलं नाही असं करता येण्यासारखं नव्हतं. "मॅडम," ते यास्मिनला म्हणाले, "जुनं कल्चर काढून टाका. आणि या वेळी मी दह्याबद्दलच बोलतोय."

यास्मिन कल्चर रूममध्ये गेली. डबा घेऊन आली. सरांच्या पुढ्यात, लॅपटॉपशेजारी, तो ठेवला.

"सर, नियम तुमचा आहे. हात तुमचा लागेल."

"तुम्ही नाही म्हणताय?"

"हो. नाही म्हणतेय."

एवढंच बोलून ती तिथंच उभी राहिली. मागं सरकली नाही, रडली नाही, वडिलांचं नावही तिनं काढलं नाही. ते काढलं असतं तर श्रेयस सरांना सोपं गेलं असतं. त्यांनी हळहळ व्यक्त करून डबा उचलला असता.

"अप्पा, तुम्ही," सर म्हणाले.

"माझा खांदा धरलाय, साहेब."

"सकाळी कॅन उचलत होतात."

"त्यानंच धरलाय."

"कोंडीराम."

"मी ड्रायव्हर, सर. दह्याला ड्रायव्हरनं हात लावायचा न्हाय. तुमीच बोर्ड लावलाय."

"शामलाताई, तुम्ही तरी."

"दिवे लागल्यावर विरजण सांडत न्हाईत, सर."

"दुपारचे चार वाजलेत."

"आमच्याकडं लवकर लागत्यात."

श्रेयस सरांनी झाकण काढलं. खोलीत तो वास पसरला, गोडसर, थंड, किंचित ओल्या मातीसारखा. पंख्याखाली उभं राहून ते डब्यात बघत होते. आत पांढरा, सपाट, न हललेला थर होता. तो थर मोडायचा तर पहिलं बोट आपलं लागणार, हे त्यांना दिसत होतं. चारही माणसं त्यांच्याकडं बघत होती. रागानं नव्हे, नवीन मॅनेजर कसा निघतो, ते बघावं तशी.

सरांनी झाकण परत लावलं. "टाकून द्यायच्या मालाचा आधी नमुना तपासायला पाठवावा लागतो."

"असा नियम आहे?" देवश्री मॅडमनी विचारलं.

"मी आत्ता केला. या युनिटचा मॅनेजर मी आहे."

बोलून झाल्यावर ते स्वतःच जरा घाबरले, पण शब्द मागं घेतले नाहीत. नमुना सोलापूरच्या प्रयोगशाळेत गेला. वाहतूक कोंडीरामकडं होती. त्यानं तो मांडीवर धरून, एका हातानं टँकर चालवत नेला, असं तो सांगतो. ते खरं नसावं अशी आशा आहे. अहवालात पुष्कळ आकडे होते आणि शेवटी दोन शब्द: वापरास योग्य.

देवश्री मॅडमचा अहवालही आला. 'शिस्त: कमकुवत. वरिष्ठांच्या सूचनांचं पालन: कमकुवत. मॅनेजरवर स्थानिक वातावरणाचा परिणाम: दिसू लागला आहे. एकजूट: चिंताजनक.' श्रेयस सरांनी त्यातली शेवटची ओळ छापून फळ्यावर, वर्तुळांच्या मधोमध लावली.

हेड ऑफिसनं लेखी कळवलं की बाहेरचं कल्चर वापरायला हरकत नाही, मात्र पुरवठादाराची रीतसर नोंदणी हवी. नोंदणी होईपर्यंत त्याचं दही बाजारात जाणार नाही. आणि एका सकाळी नोंदणी विभागातल्या मुलीचा यास्मिनला फोन आला. मुलगी नम्र होती आणि घाईत होती.

"पुरवठादाराचं पूर्ण नाव सांगा, मॅडम."

यास्मिननं फोन दुसऱ्या कानाला लावला. श्रेयस सरांनी तिला सांगून ठेवलं होतं, तुमचंच नाव द्या, काम लवकर होईल. "दादामियाँ तांबोळी," ती म्हणाली.

"पुरवठा नियमित आहे का?"

"रोज."

"मध्ये कधी खंड?"

ती आठवून बघू लागली. दफनविधीच्या दिवशी डेअरीतलं कुणीच कामावर नव्हतं असं तिला वाटत होतं. नंतर कळलं होतं, की कल्याणप्पा कब्रस्तानातून थेट डेअरीत गेले होते, आणि हात धुऊन दूध विरजून मग घरी गेले होते.

"नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

"आणि एक विचारायला लागतं, राग मानू नका. वयस्कर पुरवठादार असले की सिस्टीम मागते. ते हयात आहेत ना?"

याच हेड ऑफिसच्या दुसऱ्या खात्यानं अब्बांचा मृत्यूचा दाखला तिच्याकडून पुन्हा पुन्हा मागवला होता. पहिला पुसट आला म्हणून, दुसऱ्यावर शिक्का नाही म्हणून. तिनं दर वेळी पाठवला होता, वाद न घालता, सोबत छोटं पत्र जोडून. कंपनीला जेवढं पटवायचं तेवढं तिनं पटवून झालं होतं.

समोर सकाळचं दही होतं. तिनं भांडं थोडं कलतं करून पाहिलं. कड सुटली नाही.

"आहेत," यास्मिन म्हणाली. "लिहा."

"थँक्यू, मॅडम. पडताळणीसाठी त्यांच्याशी एकदा बोलावं लागेल. कधी फोन करू?"

"सकाळी करा. संध्याकाळी नको. तेव्हा ते लागत असतात, हलवून चालत नाही."

पलीकडं कळफलकाचा आवाज आला. मुलीनं ते तसंच लिहून घेतलं.